हर्णे बंदरचा दुसरा नंबर

आमच्या घरात एक दोनशे पानी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली. पहिल्या पानावर आमच्या धाकट्या मुलीने बिस्मिल्लाह लिहिले आहे आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत संघाचे नाव: हर्णे बंदर. पुढची सगळी पाने आकड्यांनी भरली आहेत. कुणाला वाटेल, दुकानाचा हिशेब आहे. तो २०२२ सालच्या बेसबॉलचा हिशेब आहे. आम्ही कुणी बेसबॉलची बॅट कधी हातात धरलेली नाही, तरी त्या वर्षी सहा महिने आमच्या घरात जेवताना, इफ्तारला, गाडीत, एवढेच काय, दवाखान्याच्या रांगेतही दुसरा विषय नव्हता.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. एक शाळेत शिकवते, दुसरा औषधांच्या गोदामात हिशेब बघतो. घरात सोळा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी, आणि त्या वर्षी मार्चमध्ये दापोलीहून आलेले अब्बा. अम्मी आदल्या वर्षी गेल्या. अब्बा तिथे मोठ्या घरात एकटे. येऊन तर गेले, पण इथे त्यांचे मन लागेना. दिवसभर खिडकीशी बसत. बाहेर बर्फ. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस, जगातली निम्मी बंदरे पाहिलेला, आणि आता रस्ता ओलांडून समोरच्या घरापर्यंतही जाईना.

खेळ घरात आणला मुलाने. आमच्या गल्लीतले, मशिदीतले आणि गोदामातले मिळून दहा घरांचा गट होता. खेळ असा: अमेरिका आणि कॅनडा मिळून बेसबॉलचे तीस खरे संघ. त्या सगळ्यांतले खेळाडू एका कागदावर मांडायचे आणि प्रत्येक घराने त्यांतून आपला तेवीस जणांचा संघ उभा करायचा. तो संघ मैदानात कधीच एकत्र उतरत नाही. आपला एक गडी न्यूयॉर्कला खेळतो, दुसरा सिॲटलला, तिसरा मायामीला. ते आपापल्या खऱ्या संघासाठी जे काही करतात त्याचे आकडे आपल्या खात्यात जमा होतात. भारतात क्रिकेटवर मोबाईलमध्ये संघ लावतात ते याच जातीचे, फक्त तिथे एका सामन्याचा मामला असतो आणि इथे सगळा मोसम, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत.

याचा शोध लावला डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने. १९७९ च्या अखेरीस टेक्ससला जाणाऱ्या विमानात त्यांना ही कल्पना सुचली. न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या खाणावळीत मित्रांबरोबर बसून त्यांनी ती पक्की केली आणि १९८० मध्ये पहिला मोसम झाला. रोटिसरी म्हणजे सळईवर फिरवून भाजलेली कोंबडी मिळण्याची जागा. म्हणून या खेळाला अजून रोटिसरी म्हणतात. गंमत अशी की ओक्रेंट साहेबांना स्वतः शोधलेला हा खेळ त्या गटात कधीच जिंकता आला नाही. हे ऐकल्यावर अब्बा त्या वर्षी पहिल्यांदा हसले. म्हणाले, "होडी बांधणारा पोहण्यात तरबेज असतोच असं नाही."

सुरुवातीलाच एक अडचण आली. प्रत्येक घराने पन्नास डॉलर टाकायचे आणि जिंकेल त्याने पाचशे न्यायचे, असे ठरत होते. आमच्या घरात यावर चर्चा करायचे कारणच नव्हते. सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि एकाने उचलायचे, याला जुगार म्हणतात. मुलाने तोंड पाडून निरोप पोचवला. आम्हाला वाटले, आता आपल्याला वगळतील. पण दोन दिवसांनी उत्तर आले की पैसे नकोत. शेवटचा येईल त्याने दहाही घरांना जेवायला घालायचे आणि पहिला येईल त्याच्या डोक्यावर यू-हू नावाचे चॉकलेटचे पेय ओतायचे. ही ओतण्याची पद्धतही त्या पहिल्या गटाचीच. हे आम्हाला मान्य होते. डोके धुता येते.

२७ मार्चच्या रविवारी, रमजानच्या आधी, लिलाव झाला. हो, लिलावच. प्रत्येक घराला खोटे २६० डॉलर मिळतात आणि त्यांत तेवीस जण घ्यायचे. एकेक नाव पुकारले जाते, बोली चढते, थांबते, हातोडा पडतो. मुलाने आठवडाभर अभ्यास केला होता. याद्या, रंगीत तक्ते, कोणाची किंमत किती हे सगळे पाठ. अब्बांना आम्ही केवळ घराबाहेर काढायचे म्हणून बरोबर नेले.

पहिल्या पंधरा मिनिटांत मुलाने दोन बोल्या जिंकल्या आणि ७१ डॉलर घालवले. अब्बा खुर्ची ओढून त्याच्या कानाशी बसले.

"घाई का करतोस?"

"दादा, चांगले लोक आधी जातात."

"चांगला मासा आधी जातो, हे खरं. पण स्वस्त कधी जातो?"

ज्यांनी हर्णे पाहिले आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी: दापोली तालुक्यातल्या या बंदरावर होड्या पाण्यातच थांबतात. माल किनाऱ्यावर येतो, वाळूत टोपल्या लागतात आणि तिथेच लिलाव होतो. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडे. अब्बांच्या थोरल्या भावाची होडी होती. जहाजावरून सुट्टीत आले की अब्बा त्या लिलावात उभे राहायचे. त्यांचे सांगणे असे की मासा बघायला एक नजर पुरे, नंतर बघायचे ते समोरच्या माणसांकडे. कोणाच्या खिशात किती उरले, कोणाला आज रिकाम्या हाताने जाणे परवडणार नाही, कोणाचा बर्फ संपत आला. दिवस कलला की मोठमोठे लोक निघून जातात आणि उरलेल्या चांगल्या टोपल्या गप्प उभ्या राहणाऱ्याच्या होतात.

त्या दिवशी आम्ही पुढचा तासभर तोंड उघडले नाही. आमच्या मुलासाठी ती मोठी शिक्षा होती. आणि मग, सगळ्यांचे खिसे हलके झाल्यावर, अब्बांनी बोटाने इशारा करायला सुरुवात केली. जस्टिन व्हर्लँडर ८ डॉलरला मिळाला. पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. वय ३९, २०२० मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया झालेली, २०२१ चा अख्खा मोसम बाहेर. मुलगा नको नको म्हणत होता. अब्बांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "हा माणूस परत यायला निघालाय. घे." त्या मोसमात व्हर्लँडरने १८ सामने जिंकले, ४ हरले आणि धावा देण्याची त्याची सरासरी १.७५ राहिली. अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला. आम्ही याला अब्बांची पारख म्हणतो. मुलगा नशीब म्हणतो.

आणि ९ डॉलरला मिळाला फर्नांडो तातीस ज्युनिअर. सॅन डिएगोचा हा पोरगा आदल्या वर्षी ४२ होमरन मारून नॅशनल लीगमध्ये पहिला आला होता. (होमरन म्हणजे आपला षटकारच समजा, फक्त त्याहून दुर्मिळ.) चौदा वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार खिशात. पण मोटारसायकलवरून पडून मनगट मोडलेले, मोसमाचे पहिले काही महिने तो येणार नव्हता. म्हणून स्वस्त. इथे अब्बांचे आणि मुलाचे पहिल्यांदा एकमत झाले: बर्फात ठेवू, ऑगस्टात काढू.

तातीसवर शेवटपर्यंत बोली लावणारे एकच होते, आमच्या समोरच्या घरातले शेजारी. मूळचे डोमिनिकन, तातीससारखेच. शहराची बस चालवतात. ८ डॉलरवर त्यांचे हिशेबात बसेना, त्यांनी हात खाली घेतला आणि अब्बांकडे बघून मान हलवली. अब्बा त्यांना त्या दिवसापासून कप्तान म्हणू लागले. जहाजाचा काय आणि बसचा काय, चालवणारा तो कप्तान. कप्तानांना मराठी येत नाही, अब्बांचे इंग्रजी जहाजावरचे आणि स्पॅनिश वीस शब्दांचे, तेही बहुतेक बंदरावरच्या भाज्यांचे. तरी उन्हाळाभर दोघे त्यांच्या पायरीवर तासन्‌तास बसलेले असायचे. काय बोलायचे, आम्हाला कळले नाही.

त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणाने मोसम लांबला, तो ७ एप्रिलला सुरू झाला. आमचा सहावा रोजा. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आमच्याकडे रात्री दहाला सुरू होतात आणि एकच्या सुमारास संपतात. तरावीहहून परतलेले अब्बा सहरीपर्यंत जागेच असायचे. पूर्वी ते त्या वेळेत भिंतीकडे बघत बसायचे. आता नातू त्यांच्यासाठी टॅब लावून द्यायचा. सहरीला आम्ही उठलो की अब्बा रात्रीचा अहवाल सांगायचे, आणि नात तो वहीत उतरवायची.

वहीत दहा रकाने होते, कारण गुण दहा गोष्टींवर मिळतात. फलंदाजांच्या धावा, होमरन, त्यांच्या फटक्यांवर आलेल्या धावा, सरासरी, चोरलेले बेस. पिचरचे विजय, बचाव, बाद केलेले, दिलेल्या धावांची सरासरी आणि किती जणांना बेसवर जाऊ दिले तो हिशेब. प्रत्येक रकान्यात पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. सगळ्यांची बेरीज.

'चोरलेले बेस' या रकान्यावर अब्बांनी हरकत घेतली. चोरीचे गुण कसले? मुलाने समजावले की पिचरचे लक्ष नसताना एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पळणे नियमात बसते, सगळ्यांच्या देखत होते, त्यात चोरी नाही. अब्बा म्हणाले, मग चोरी म्हणता कशाला? शेवटी मुलीने वहीत त्या रकान्याला 'पळापळ' असे नाव दिले. ते आजही तसेच आहे. आणि आमच्या पळापळीचा हिरो तिनेच शोधला. जूनच्या सुरुवातीला मायामीचा जॉन बर्टी कोणाच्याच संघात नव्हता, फुकट पडला होता. तो उभा राहिला की पळतो, एवढे तिने एका सामन्यात पाहिले आणि हट्टाने त्याला घ्यायला लावले. मोसमाच्या शेवटी बर्टीचे ४१ बेस झाले, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. त्या फुकटच्या माणसाने आम्हाला वर नेले.

जुलैत, बकरी ईदच्या सुमारास आम्ही दुसरे होतो. पहिले कप्तान. त्यांच्याकडे न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज होता आणि जज त्या वर्षी थांबत नव्हता. गोदामातले साहेब तिसरे. बाकीचे, अल्लाह त्यांना सुखी ठेवो, मे महिन्यातच लक्ष देईनासे झाले होते.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला घेतले तो दिवस. १२ ऑगस्ट, शुक्रवार.

त्या आठवड्यात तातीस बरा होऊन खालच्या दर्जाच्या सामन्यांत सराव करत होता. चार महिने आम्ही त्याला बाकावर सांभाळला होता. कप्तानांनी मंगळवारीच एक देवाणघेवाण सुचवली होती: तातीस मला द्या, मायकेल हॅरिस घ्या. हॅरिस अटलांटाचा, मे महिन्याच्या अखेरीस वर आलेला एकवीस वर्षांचा नवा पोरगा, होमरनही मारणारा आणि पळणाराही. सौदा बरोबरीचा होता. मुलगा विचार करतो म्हणाला. अब्बा नको म्हणत होते, बर्फातला मासा आताच काढायचा तर ठेवला कशाला? प्रस्ताव मोबाईलवर तसाच पडून होता.

शुक्रवारी मगरिबच्या थोडे आधी बातमी आली. तातीसच्या तपासणीत बंदी असलेले औषध सापडले. ८० सामन्यांची बंदी. म्हणजे त्या वर्षीचा त्याचा खेळ संपला. आमच्या ९ डॉलरची आणि चार महिन्यांच्या वाट बघण्याची राख झाली.

मुलाने ती बातमी पाहिली आणि पुढच्या मिनिटाला कप्तानांच्या प्रस्तावावर 'मंजूर' हे बटण दाबले.

जेवताना त्याने जाहीर केले, "हॅरिस आपला झाला!" मुलीने टाळ्या वाजवल्या. अब्बांनी घास हातात तसाच धरला.

"आजच का दिला?"

मुलाने सांगितले. लपवले नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. उलट त्याला अभिमान होता. कप्तान दुपारच्या पाळीवर होते, बस चालवताना फोन बंद असतो, रात्री अकरापर्यंत त्यांना कळणार नव्हते.

"म्हणजे टोपलीत खाली सडका माल आहे, तुला माहीत आहे, आणि घेणारा पाठ फिरवून उभा आहे."

"दादा, मी काही विकायला गेलो नाही. प्रस्ताव त्यांचा. तीन दिवस उघडा होता. बातमी सगळ्या जगाला कळली आहे, मी लपवली नाही. नियमात बसतं."

खरे सांगायचे तर आमच्या दोघांत तिथेच फूट पडली. एकाचे म्हणणे, मुलगा बरोबर आहे. खेळ आहे, पैसा नाही, नियम सगळ्यांना माहीत आहेत, कप्तानही जाणते आहेत. दुसरीचे म्हणणे, माल खराब झालेला माहीत असून समोरच्याच्या अजाणतेपणावर सौदा उरकला तर त्याला खेळ म्हणा नाहीतर व्यापार, नाव बदलून काय होते? आवाज चढले. मुलीने वही छातीशी धरली.

आणि मग मुलगा शांतपणे म्हणाला, "जुनी गाडी विकताना तुम्ही सांगितलं होतं का?"

वाचकहो, हे लिहायचे की नाही यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. आदल्या डिसेंबरात आम्ही आमची बारा वर्षांची गाडी एका परगावच्या विद्यार्थ्याला २,८०० डॉलरला विकली होती. ती गाडी तेल प्यायची. महिन्याला एक बाटली इंजिन ऑइल ओतावे लागे. त्याने विचारले, गाडी कशी आहे? आम्ही म्हणालो, चालते चांगली. खोटे नव्हते. पण तो बघायला यायच्या दिवशी सकाळीच आमच्यातल्या एकाने तेल काठोकाठ भरले होते, आणि दुसरीने ते खिडकीतून पाहिले होते. यावर आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. मुलगा तेव्हा अंगणातला बर्फ काढत होता.

अब्बांनी आमच्याकडे पाहिले नाही. ते मान खाली घालून भात कालवत राहिले. ओरडले असते तर बरे झाले असते.

इशाची नमाज झाल्यावर अब्बा चपला घालून निघाले. "कप्तान येईपर्यंत त्यांच्या पायरीवर बसतो." रात्रीचे दहा. थोड्या वेळाने मुलगाही न सांगता मागून गेला. आम्ही आमच्या दारातून बघत होतो. दोघे पायरीवर बसलेले, मधे हातभर अंतर, बोलणे नाही.

कप्तान साडेअकराला आले. नंतर मुलाकडून कळले ते असे: त्यांना माहीत होते. शेवटच्या थांब्यावर एका प्रवाशाने सांगितले होते. ते पायरीवर येऊन अब्बांशेजारी बसले आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. देवाणघेवाणीचे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांना दुःख होते ते तातीसचे. आमच्या मातीतला पोरगा, म्हणाले, त्याचा बापही मोठा खेळाडू, गावातली मुले त्याचा फोटो भिंतीवर लावतात, आता त्यांना काय सांगायचे? अब्बांना शब्द कळले नसावेत. त्यांनी कप्तानांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग मुलाने सगळे सांगितले, बटण कधी दाबले तेही. कप्तान म्हणाले, बोली माझी होती, सौदा झाला, हॅरिस तुझा. ते खरोखर देत होते. मुलगा नको म्हणाला. का, ते त्याने आम्हाला आजतागायत सांगितलेले नाही, आणि आम्ही विचारण्याच्या स्थितीत नव्हतो. आमच्या गटात कुठलाही सौदा पक्का व्हायला दोन दिवस लागतात, तोवर रद्द करता येतो. शनिवारी सकाळी तो रद्द झाला. हॅरिस परत समोरच्या घरी गेला. तातीस आमच्या वहीत राहिला, मुलीने त्याच्या नावावर रेघ मारली, पण अशी की नाव वाचता यावे.

शनिवारी दुपारी आम्ही त्या विद्यार्थ्याला फोन लावला. नंबर जपून ठेवला होता, तो कशासाठी हे आम्हालाही माहीत नाही. आधी त्याला वाटले कोणीतरी फसवते आहे. आठ महिन्यांपूर्वी गाडी विकलेले लोक स्वतःहून फोन करून गाडीतला दोष सांगतात, हे ऐकायला विचित्रच. त्याने दोनदा विचारले, तुम्हाला माझ्याकडून काय हवे आहे? शेवटी म्हणाला की तेलाचे त्याला तिसऱ्याच आठवड्यात कळले होते. भर महामार्गावर दिवा लागला, रात्री, थंडीत. तो काय काय बोलला असेल आमच्या नावाने त्या रात्री, ते त्याने सांगितले नाही. आम्ही ४०० डॉलरचा चेक पाठवतो म्हणालो. त्याने पत्ता दिला आणि विचारले, आणखी काही सांगायचे राहिले आहे का? मागच्या डाव्या दाराची काच कधी कधी अडकते, तेही सांगून टाकले. तो म्हणाला, ते माहीत आहे.

यानंतरचा मोसम आम्ही आधीच्यासारखा खेळू शकलो असे नाही. पण बंदही केला नाही. सप्टेंबरच्या मध्यात अब्बांची राहण्याची मुदत संपत होती. तिकीट काढलेले होते. अब्बांनी विचारले, मोसम कधी संपतो? ५ ऑक्टोबर. मुदत वाढवण्याचा अर्ज भरला. त्यात कारण लिहायचे असते. आम्ही 'कुटुंबासोबत राहण्यासाठी' असे लिहिले.

आणि राहिले ते बरे झाले, कारण सप्टेंबर विसरता येणार नाही असा गेला. २३ तारखेला बेचाळीस वर्षांच्या अल्बर्ट पुहोल्सने ७०० वा होमरन मारला. तोही डोमिनिकन. समोरच्या घरातून आरोळी आली तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. २८ तारखेला टोरंटोला ॲरन जजचा ६१ वा. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने गाठलेला आकडा, अमेरिकन लीगमध्ये त्यापुढे कोणी गेले नव्हते. ४ ऑक्टोबरला टेक्ससमध्ये ६२ वा. जज कप्तानांच्या संघात, म्हणजे त्याचा प्रत्येक होमरन आम्हाला खाली ढकलणारा. तरी आम्ही सगळे त्यांच्याच बैठकीत बसून बघत होतो. चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा अब्बा सगळ्यांत आधी उभे राहिले. नात त्यांना म्हणाली, "दादा, तो आपला नाही." अब्बा म्हणाले, "आज सगळ्यांचा आहे. बस खाली, मला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी हिशेब लागला. कप्तान ८२, हर्णे बंदर ८०.५. अर्धा गुण बरोबरीचा असतो. पळापळीत बर्टीच्या जिवावर आम्ही पहिले आलो होतो, गोलंदाजीच्या सरासरीतही व्हर्लँडरमुळे पहिले. पण धावांत आणि होमरनमध्ये कप्तान थोडक्यात पुढे गेले. मायकेल हॅरिसने मोसम १९ होमरन आणि २० चोरलेल्या बेसवर संपवला आणि नॅशनल लीगमधला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. ऑगस्टनंतरचा त्याचा खेळ आमच्या वहीत लागला असता तर काय झाले असते, याचे गणित मुलाने शेवटच्या पानावर मांडले आहे. त्या पानाची बेरीज आम्ही मुद्दाम तपासलेली नाही.

त्या रविवारी कप्तानांच्या अंगणात सगळे जमले. शेवटचा नंबर आलेल्या घराने बिर्याणी आणि भाजलेली कोंबडी आणली होती, हलाल दुकानातून, सगळ्यांना चालावी म्हणून. ऑक्टोबरची थंडी होती. कप्तान शर्ट काढून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि ओतायचा मान त्यांनी अब्बांना दिला. अब्बा दुसऱ्या खुर्चीवर चढले, दोन्ही बाजूंनी आम्ही धरले. बाटली उपडी केली. कप्तान ओरडले, ते स्पॅनिशमध्ये होते आणि त्यांच्या बायकोने त्यांना दटावले, त्यावरून अर्थ लागला.

अब्बा नोव्हेंबरात परत गेले. जाताना वही मागत होते. मुलीने दिली नाही, पण पानांचे फोटो काढून पाठवले. ते फोटो त्यांनी हर्ण्याला लिलावात कुणाकुणाला दाखवले म्हणे. तिथल्या लोकांनी विचारले, या खेळात मासा कुठला?

चेक त्या विद्यार्थ्याने सात आठवड्यांनी वटवला. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा लिलाव होता. अब्बा तिकडून फोनवर होते, त्यांच्याकडे रात्रीचा एक वाजलेला. तातीसचे नाव पुकारले गेले तेव्हा आम्ही हात वर केला नाही. कप्तानांनी १९ डॉलरला घेतला.